रंगावरून पाण्याची परीक्षा

हळदीच्या पाण्यांत चुन्याची निवळी घातली कीं पिवळा रंग पालटून तांबडा होतो, हें आपल्या घरांतील बायकांस शाळेवांचून ठाऊक आहे. हळदीपासून कुंकू होतें तें याच गुणामुळें. पाण्याची परीक्षा करण्यासाठीं हल्लीं ज्या लहान पेट्या बाजारांत मिळतात, त्यांचें तत्त्व याहून निराळें नाहीं. नळींत पाणी घ्यावें, त्यांत औषधाचे थेंब टाकावे, रंग आला कीं तो सोबतच्या रंगपट्टीशीं जुळवून आंकडा वाचावा, एवढीच ती क्रिया.

या पेट्या मूळच्या घरीं कांचपेटींत मासे पाळणाऱ्या हौशी लोकांकरितां निघालेल्या आहेत. परंतु सन २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळें' या योजनेनें महाराष्ट्रांत शेततळीं वाढलीं, त्यांपैकीं कित्येकांत कटला, रोहू, मृगळ हे मासे सोडले जाऊं लागले, आणि हौशी माणसाची ती पेटी शेतकऱ्याच्या हातीं आली. हौशी माणसाची चूक झाली तर पांच-दहा मासे जातात. शेतकऱ्याची चूक झाली तर वर्षाचें खाद्य व बीज पाण्यांत जातें. म्हणून रंग वाचण्याची कला नीट समजून घेणें अवश्य आहे, असें आम्हांस वाटतें.

कसबा पेठेंतील एक अनुभव

हा लेख लिहिण्याचें कारण घडलें तें पुण्याच्या कसबा पेठेंत. ही पुण्यांतील सर्वांत जुनी वस्ती. जवळच्या फडके हौदाचें नांव आजहि जुन्या हौदांची आठवण देतें. कात्रजच्या तलावाचें पाणी नळावाटे शनिवारवाड्याकडे व शहरांतील हौदांत आणण्याची ती व्यवस्था अठराव्या शतकाच्या मध्यास पेशव्यांनीं केली होती. या पेठेंतील एका जुन्या वाड्यांत आमच्या स्नेह्यांनीं एक मोठी कांचपेटी नवीनच मांडली होती. वाड्यांतील आडाचें पाणी भरून तींत सोनेरी मासे सोडले होते.

आठ-दहा दिवसांनीं मासे वर येऊन तोंड उघडूं लागले. रात्रीं नऊच्या सुमारास माजघरांतील पिवळ्या दिव्याखालीं आम्हीं दोघांनीं पाणी तपासलें. अमोनियाच्या नळीचा रंग आम्हांस पिवळा दिसला. पट्टीवर पिवळा म्हणजे शून्य. सामूची नळी निळी दिसली. पट्टीवर निळा म्हणजे ७.६. दोन्ही आंकडे चांगले वाटल्यामुळें आम्हीं कांहींच केलें नाहीं, उलट मासे उपाशी असावेत असें समजून थोडें खाद्य टाकलें. सकाळपर्यंत निम्मे मासे मेले होते.

दिवस उजाडल्यावर तेंच पाणी पुन्हां तपासलें. या खेपेस नळी चौकांत, उघड्या आकाशाखालीं परंतु सांवलींत धरली. अमोनियाचा रंग पिवळा नसून स्पष्ट हिरवट होता, आंकडा ०.५ व १ यांच्या दरम्यानचा. सामूसाठीं वरच्या पट्ट्याची दुसरी कुपी आणून पाहिली, तेव्हां तो ७.६ नव्हे, ८.४ निघाला. औषध खोटें नव्हतें, पट्टीहि खोटी नव्हती. आम्हीं जेथें व ज्या रीतीनें पाहिलें, ती जागा व ती रीत खोटी होती.

पेटींत काय असतें

सामू म्हणजे पाण्याचा आंबट-खारटपणा मोजण्याचें माप. सोरेनसेन या डॅनिश शास्त्रज्ञानें तें सन १९०९ मध्यें रूढ केलें. सात हा मध्य. त्याखालीं आम्ल, त्यावर अल्क. कमी पट्ट्याच्या कुपींत बहुधा ब्रोमथायमॉल ब्लू हें द्रव्य असतें. तें ६ च्या सुमारास पिवळें, मध्यें हिरवें व ७.६ ला निळें होतें. त्यावरच्या पट्ट्यासाठीं फिनॉल रेड किंवा तत्सम दुसरें द्रव्य वापरतात.

अमोनियाच्या परीक्षेच्या दोन जाती आहेत. नेसलरच्या जुन्या रीतींत पिवळा ते तपकिरी रंग येतो. या औषधांत पारा असल्यामुळें तें विषारी आहे. दुसरी सॅलिसिलेटची रीत; तींत पिवळा ते हिरवा असा रंग चढतो. नायट्राइटच्या परीक्षेंत गुलाबी ते जांभळा रंग येतो. नायट्रेटच्या परीक्षेंत आधीं जस्ताच्या भुकटीसारख्या धातूनें नायट्रेटचें नायट्राइट करून मग तोच गुलाबी रंग आणितात. ही भुकटी कुपीच्या तळाशीं बसते. कुपी निदान अर्धा मिनिट जोरानें हलविली नाहीं तर पाण्यांत नायट्रेट असूनहि आंकडा कमी येतो. आळसामुळें होणाऱ्या चुकांत ही चूक पहिल्या क्रमांकाची आहे.

पाणी घेणें व मापणें

पाणी कांठावरून, शेवाळाजवळून किंवा खाद्य टाकल्या जागीं घेऊं नये. हातभर खोलीवरून, स्वच्छ कांचेच्या अथवा प्लॅस्टिकच्या बाटलींत, तोंडापर्यंत भरून घ्यावें. तांब्याच्या तांब्यांत पाणी कधींहि घेऊं नये. कसब्यांतील तांबट आळीचीं भांडीं पिण्याच्या पाण्यास कितीहि उत्तम असोत, परीक्षेच्या पाण्यास तीं नकोत. तांब्याचा अंश माशांस विषारी असतो, व तांब्याचीच परीक्षा करावयाची असल्यास आंकडा भांड्याचा येईल, तळ्याचा नव्हे. ज्या बादलींत द्राक्षबागेसाठीं मोरचूद कालविला, ती बादलीहि दूर ठेवावी.

विहिरीच्या व कूपनलिकेच्या ताज्या पाण्यांत कर्बाम्ल वायु विरघळलेला असतो. त्यामुळें उपसतांच घेतलेला सामू कमी येतो आणि वायु उडून गेल्यावर तो चढतो. म्हणून असें पाणी एकदां ताजें व एकदां रात्रभर उघड्या बादलींत ठेवून तपासावें. तळ्यांतील मासे जगतात तें या दुसऱ्या पाण्यांत.

नळी तपासावयाच्या पाण्यानेंच तीन वेळां विसळावी. पाण्याची पातळी डोळ्याच्या रेषेंत धरून, पाण्याच्या खोलगट पृष्ठाचा तळ रेघेला लागेल इतकें पाणी घ्यावें. जेथें थेंब मोजून जडपणा काढितात, तेथें तर मापांतील चूक सरळ उत्तरांत उतरते. ५ मिलिलिटरऐवजीं ४ घेतलें तर पांच थेंबांचें काम चार थेंबांत भागतें व उत्तर पांचव्या हिश्श्यानें कमी येतें. कुपी उभी उलटी धरावी, तिरपी धरल्यास थेंब लहान-मोठे पडतात. नळीचें तोंड अंगठ्यानें दाबून हलवूं नये, टोपणच लावावें; खतानें भरलेला अंगठा अमोनियाच्या परीक्षेची माती करितो.

घड्याळ जवळ ठेवावें. रंग पुरता चढण्यास कोठें ५ मिनिटें, कोठें २० मिनिटें लागतात. पेटीच्या पत्रकांत सांगितलेला वेळ पाळावा. थंडीच्या पहाटे पाणी गार असतां रंग सावकाश येतो. आधीं वाचल्यास आंकडा कमी, फार उशिरां वाचल्यास जास्त, असा घोटाळा होतो.

उजेड

आमच्या मतें निम्म्या चुका उजेडाच्या असतात. नळींतील रंगीत पाणी व पट्टीवरील शाई या दोन निरनिराळ्या वस्तु आहेत. एका उजेडांत त्या सारख्या दिसल्या तरी दुसऱ्या उजेडांत सारख्या दिसतीलच असें नाहीं. लुगडें घेतांना बाई दुकानाच्या दारांत येऊन रंग पाहते, त्यांतील शहाणपण हेंच. पिवळ्या दिव्यांत निळा किरण थोडा असतो. त्यामुळें पिवळा व फिकट हिरवा यांतील भेद नाहींसा होतो, आणि अमोनियाच्या परीक्षेंत तर सारा निकाल त्या भेदावरच अवलंबून असतो.

पांढऱ्या दिव्यांतहि जाती अनेक आहेत. सबब दिवसाचा उजेड हाच प्रमाण मानावा. सकाळीं आठ ते दुपारीं चार या वेळांत, उघड्या आकाशाखालीं परंतु सांवलींत उभें राहावें. प्रत्यक्ष उन्हांत नळी चमकते व रंग फिका दिसतो. कसब्याच्या अरुंद बोळांत समोरच्या रंगविलेल्या भिंतीवरून परतलेला उजेड येतो, तो टाळून चौकांत किंवा गच्चीवर जावें लागतें. शेतावर हीच अडचण निराळ्या रूपानें येते. निंबाखालीं उभें राहिल्यास पानांतून हिरवा उजेड येतो. हिरव्या शेडनेटखालीं तर परीक्षा करूंच नये. निळ्या ताडपत्रीजवळ किंवा अस्तराच्या रंगीत कागदाजवळहि नको. घराच्या भिंतीची उत्तरेकडील सांवली सर्वांत बरी. अंगांत भडक सदरा असल्यास त्याचीहि झांक पडते.

नळीमागें कोरा पांढरा कागद धरावा. पट्टी व नळी शेजारीं शेजारीं, एकाच उजेडांत असाव्यात. नळी बाजूनें पाहावयाची कीं वरून, कागदास टेकवून कीं थोडी दूर, हें पेटीच्या पत्रकांत दिलेलें असतें. वरून पाहिल्यास रंगाचा थर जाड होऊन गडद दिसतो, म्हणून यांत मनाचा कारभार चालत नाहीं. उन्हांत पडलेल्या पट्टीची शाई विटते. ती पेटींत मिटून ठेवावी.

डोळा

कित्येक पुरुषांस तांबडा व हिरवा यांतील भेद जन्मतः नीट दिसत नाहीं, व पुष्कळांस स्वतःस याची जाणीवहि नसते. जॉन डाल्टन या प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञास हाच दोष होता, आणि त्यानें सन १७९४ मध्यें आपल्या अनुभवावरून त्याचें वर्णन केलें. युरोपीय पुरुषांत हें प्रमाण शेंकडा ८ च्या आसपास आढळतें. आपल्याकडे तें कमी असलें तरी विरळा नाहीं. स्त्रियांत हा दोष फार क्वचित् असतो. ज्या घरीं कर्त्या पुरुषाची व इतरांची वाचनें वारंवार जुळत नाहींत, त्या घरीं रंग वाचण्याचें काम गृहिणीकडे सोंपवावें. यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं.

दोघांनीं वाचावयाचें असल्यास एकानें दुसऱ्यास आंकडा सांगूं नये. प्रत्येकानें कागदावर लिहावा आणि मग कागद ताडून पाहावे. पहिल्याचा आंकडा कानीं पडला कीं दुसऱ्याच्या डोळ्यांस तोच दिसूं लागतो. कसब्यांतील त्या रात्रीं आमचें असेंच झालें. एकानें 'शून्य' म्हटलें व दुसऱ्यानें मान डोलविली.

पट्टीची शेवटची पायरी

रंग पट्टीच्या शेवटच्या पायरीशीं जुळला म्हणजे तोच आंकडा खरा असें समजूं नये. ७.६ पर्यंतच्या पट्टीवर निळा आला, तर त्याचा अर्थ '७.६ किंवा त्याहून कितीहि अधिक' एवढाच आहे. आपल्या दख्खनच्या काळ्या जमिनींतील विहिरींचें पाणी बहुधा अल्काकडे झुकलेलें असतें, त्यामुळें या चुकीस आपल्याकडे विशेष वाव आहे. अशा पाण्यासाठीं ७.४ ते ८.८ अशा वरच्या पट्ट्याची कुपी घ्यावी.

अमोनिया किंवा नायट्रेट यांचा रंग शेवटच्या पायरीहून गडद आला, तर एक भाग पाणी व चार भाग बॅटरींत घालण्याचें शुद्ध पाणी मिसळून पुन्हां परीक्षा करावी व उत्तरास पांचांनीं गुणावें. सामूच्या परीक्षेंत मात्र ही युक्ति चालत नाहीं. पाणी पातळ केल्यानें सामूचा हिशेब लागत नाहीं.

दोन पायऱ्यांच्या मध्यें रंग आला तर '०.२५ ते ०.५' असेंच लिहावें. जी सूक्ष्मता पट्टींत नाहीं ती वहींत आणूं नये.

गढूळ पाणी व साक्षीची नळी

शेततळ्याचें पाणी कांचपेटीसारखें नितळ नसतें. हिरवट पाण्यांत अमोनियाचा हिरवा रंग कसा ओळखावा? प्रथम पाणी गाळण-कागदांतून गाळावें. तरीहि रंग राहिल्यास दोन नळ्या भराव्या. एकींत औषध टाकावें, दुसरी तशीच ठेवावी. औषध नसलेली नळी पट्टीच्या रंगावर धरावी, औषधाची नळी कोऱ्या कागदापुढें धरावी, आणि मग दोन्ही जुळवाव्या. पाण्याचा मूळ रंग दोन्हीकडे सारखाच मिसळतो व वजा पडतो.

औषध जिवंत आहे कीं नाहीं याचीहि साक्ष काढावी. कुपी उघडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर लिहावी व ती थंड, अंधाऱ्या जागीं ठेवावी. चैत्र-वैशाखांत पत्र्याच्या पंपघरांत ठेवलेल्या औषधाचा भरंवसा धरूं नये. अमोनियासाठीं घरच्या घरीं साक्षीचें पाणी असें करावें. कोरडें अमोनियम सल्फेट खत, ज्यांत शेंकडा २०.६ नायट्रोजन असतो, तें १ ग्राम घेऊन बॅटरीच्या १ लिटर पाण्यांत विरघळवावें. त्यांतील ५ मिलिलिटर काढून पुन्हां तसल्याच पाण्यांत घालून एकूण १ लिटर करावें. या पाण्यांत दर लिटरला सुमारें १ मिलिग्राम अमोनियारूप नायट्रोजन असतो. पेटी नायट्रोजन न मोजतां अमोनिया मोजत असेल, तर उत्तर १.२५ च्या आसपास यावें. कोऱ्या बॅटरीच्या पाण्यास शून्य व या पाण्यास एक आला, तर औषध व आपला डोळा दोन्ही ठीक आहेत. नळाचें पाणी यासाठीं घेऊं नये; त्यांतील क्लोरिन अमोनियाशीं संयोग पावतो.

सामूसाठीं, पेलाभर बॅटरीच्या पाण्यांत अर्धा चमचा ताजा खाण्याचा सोडा न उकळतां विरघळवावा. त्याचा सामू ८.२ ते ८.३ च्या जवळ असतो. नुसत्या बॅटरीच्या पाण्याचा सामू स्थिर नसतो, म्हणून त्यावरून कुपीची परीक्षा करूं नये.

दोन आंकड्यांचा एक अर्थ

आतां हा सारा खटाटोप कशासाठीं, तें पाहूं. पेटी जो अमोनिया मोजते तो एकूण अमोनिया होय. त्याचा एक भाग आयनरूप असतो, तो माशांस फारसा बाधत नाहीं. दुसरा मुक्त असतो, तोच कल्ल्यांवाटे शिरून मारतो. मुक्त भाग किती, हें सामूवर व उष्णतेवर ठरतें. २५ अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्यांत दर लिटरला एकूण १ मिलिग्राम अमोनिया असल्यास मुक्त भाग पुढीलप्रमाणें असतो :

सामू ७.५ — सुमारें ०.०१८ मिलिग्राम
सामू ८.० — सुमारें ०.०५४ मिलिग्राम
सामू ८.५ — सुमारें ०.१५ मिलिग्राम
सामू ९.० — सुमारें ०.३६ मिलिग्राम

मुक्त अमोनिया ०.०५ च्या वर गेला कीं माशांस बाधा होऊं लागते असें सामान्यतः धरितात. म्हणजे सामूच्या वाचनांत अर्ध्या अंकाची चूक झाली कीं विषाचा अंदाज तिपटीनें चुकतो. ७.५ मानलेलें पाणी ८.५ चें निघालें तर चूक आठपटीहून अधिक होते. पाणी उन्हाळ्यांत तापलें कीं मुक्त भाग आणखी वाढतो.

शिवाय हिरव्या तळ्यांत सामू दिवसभर एकसारखा राहत नाहीं. शेवाळ उन्हांत कर्बाम्ल वायु शोषून घेतें, त्यामुळें तिसऱ्या प्रहरीं सामू चढतो. रात्रीं सर्व जीव तो वायु सोडतात, त्यामुळें पहाटे उतरतो. म्हणून पहांटेचें पाणी उजाडल्यावर लगेच, व दुसरें दुपारीं तीनच्या सुमारास, अशीं दोन वाचनें घ्यावीं. एकाच्या आधारानें दुसऱ्याचा तर्क करूं नये.

येथें एक धोक्याची सूचना देणें आमचें कर्तव्य आहे. सामू कमी वाचला गेला तर शेतकऱ्याचा हात साहजिकच चुन्याकडे जातो. परंतु पाण्यांत अमोनिया असतांना चुना टाकणें म्हणजे सामू वाढवून निरुपद्रवी अमोनियाचें विष करणें होय. एका चुकलेल्या रंगावरून टाकलेली चुन्याची पोती तळें एका दुपारींत रिकामें करूं शकतात. अमोनिया आढळल्यास प्रथम खाद्य बंद करावें, पाण्यांत हवा खेळवावी, व स्वच्छ पाणी उपलब्ध असल्यास चौथा हिस्सा पाणी बदलावें. नवें पाणी सोडण्यापूर्वीं त्याचाहि सामू पाहावा. चुन्याचा विचार वाचन दोनदां ताडून पाहिल्यावर करावा.

नायट्रेटचा आंकडा वाचतांनाहि पेटी नायट्रेट मोजते कीं त्यांतील नायट्रोजन, हें पाहावें. नायट्रोजनाच्या आंकड्यास ४.४३ नीं गुणलें म्हणजे नायट्रेट येतें. पिण्याच्या पाण्यांत नायट्रेटची भारतीय मानकांतील मर्यादा दर लिटरला ४५ मिलिग्राम आहे. ज्या विहिरीचें पाणी तळ्यांत जातें तेंच घरीं पिण्यांत येत असेल, तर ही परीक्षा माशांइतकीच मुलांसाठींहि महत्त्वाची आहे. पेटीनें शंका दाखविली तर निर्णय प्रयोगशाळेकडून घ्यावा.

वही

शेवटचें व सर्वांत स्वस्त साधन म्हणजे वही. तारीख, वेळ, आभाळ कसें होतें, पाण्याची उष्णता, कोणी वाचलें, कुपी कधीं उघडली व आंकडा, एवढीं सात घरें आंखावीं. एका वाचनावरून पाण्याचा स्वभाव कळत नाहीं. त्याच जागीं, त्याच वेळीं, त्याच उजेडांत, त्याच माणसानें घेतलेलीं दहा वाचनें कळवितात. पट्टीचा रंग थोडा चुकीचा असला तरी ती चूक दहाहि वेळां सारखीच राहते, आणि पाणी बदललें तर तें लपत नाहीं. वर्षांतून एकदां कृषि विज्ञान केंद्राकडे किंवा पाणी-परीक्षणाच्या प्रयोगशाळेकडे पाणी देऊन, त्याच दिवशीं घरचेंहि वाचन घेऊन दोन्ही ताडावीं.

उरलेलें औषध व तपासलेलें पाणी तळ्यांत, विहिरींत किंवा जनावरांच्या डोणींत ओतूं नये. पाऱ्याचें औषध तर वेगळ्या बाटलींत सांठवून प्रयोगशाळेच्या सल्ल्यानेंच त्याची विल्हेवाट लावावी. पेटी मुलांच्या हातीं लागूं देऊं नये.

कसब्यांतील त्या वाड्यांत कांचपेटी पुन्हां मांडली आहे. तिच्याजवळ खिळ्याला एक वही टांगलेली असते, आणि संध्याकाळीं कोणास शंका आली तरी मासे उपाशी ठेवून परीक्षा सकाळपर्यंत तहकूब ठेवतात. आमच्या सभासदांनींहि तळ्यावर हाच नियम ठेवावा : दिव्याखालीं वाचलेल्या रंगावर औषध, चुना किंवा खाद्य कांहींहि टाकूं नये, मासे वर येऊन तोंड उघडूं लागले तर हवा खेळवावी, खाद्य थांबवावें, आणि उजेडाची वाट पाहावी.